हसवा आणि हात हलवत परत या

स्वतंत्र सिनेमा काढायचा म्हणजे लोकांपुढे हात पसरणं आलं, आणि हात पसरायची तुम्हाला लाज वाटते. भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगून गेली, पण त्यांच्या काळी क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवर अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करणं, नव्हतं आणि त्यासाठी पैसे मागणारा पिच व्हिडिओही नव्हता. आता सोय झाली आहे. पैसे मागता मागता मध्येच डोळा मारायचा. समोरच्याने दिले तर आपण मागितले होते, नाही दिले तर आपण गंमत करत होतो.

एवढं पक्कं झालं की पुढचं सगळं नुसतं तंत्र, आणि ते मी अनुभवाने सांगतो. अशा एका व्हिडिओत मी बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरून उभा होतो. उभा कसला, अभिनय करत होतो. बूम चुकून फ्रेममध्ये आल्यासारखा खाली आणायचा आणि दिग्दर्शिकेने वर बघून कपाळाला हात लावायचा, असं स्क्रिप्टमध्येच होतं. ही 'चूक' जमायला आम्हाला अकरा टेक लागले. सातव्या टेकला बूम खरोखरच तिच्या डोक्यात बसला. तो टेक एडिटरने 'कृत्रिम वाटतो' म्हणून काढून टाकला.

तर सुरुवात. पहिल्या अर्ध्या मिनिटात सिनेमाचं नाव, विषय आणि तुम्ही कोण, यातलं काहीही कळू देऊ नका. दिग्दर्शक आरशासमोर शॅम्पूची बाटली धरून पुरस्काराचं भाषण करतोय, बाहेरून कोणीतरी दार ठोठावतंय, इथून निघा. मग एखाद्या बड्या निर्मात्याचा खोटा फोन. मग किडनी. किडनी हवीच. 'एक विकली, दुसरी तुमच्या हातात आहे!' हा विनोद तुमच्याआधी कोणालाही सुचलेला नाही, अशी खात्री बाळगा. पुष्कळ लोक असले व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी खाली अक्षरं टाकायला विसरू नका. कंसात 'हशा' एवढं लिहिलं तरी पुरे.

सिनेमा गंभीर असेल तर विनोदाचं प्रमाण दुप्पट करा. स्मृती हरवत चाललेल्या आजीची गोष्ट असेल, तर दिग्दर्शक स्वतःच्याच सिनेमाचं नाव विसरतो, असं दाखवा. ज्याच्या घरात अशी आजी आहे, तोच खरं तर या सिनेमाला सगळ्यात आधी पैसे देण्याची शक्यता. त्याने तिथल्या तिथे खिडकी बंद केली, तर त्याला विनोदबुद्धी नाही असं समजून पुढे चला.

कोणी शंका काढली, तर दाखले तयार ठेवा. २०१४ साली किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर एका माणसाने बटाट्याचं सॅलड करायला १० डॉलर मागितले आणि लोकांनी त्याला ५५,००० डॉलरच्या वर दिले. म्हणजे लोक विनोदाला पैसे देतात, सिद्ध झालं. त्याने मुळात १० डॉलरच मागितले होते, तोही विनोदाचाच भाग होता आणि तुम्हाला मात्र कॅमेऱ्याचं भाडं, डबिंग, साउंड मिक्सिंग आणि रंगांची दुरुस्ती, सगळं जमलेल्या पैशांतच भागवायचं आहे, असला रसभंग कोणाला करू देऊ नका.

दुसरा दाखला 'व्हेरॉनिका मार्स' या टीव्ही मालिकेवरून काढलेल्या सिनेमाचा. २०१३ मध्ये त्यांनी २० लाख डॉलर मागितले, ते दिवस मावळायच्या आत जमले आणि शेवटी आकडा ५७ लाखांवर गेला. त्यांचा व्हिडिओही गमतीचाच होता, कलाकार एकमेकांना टोमणे मारत होते. त्या कलाकारांना लोक मालिकेचे तीन सीझन बघत आले होते, म्हणून टोमणा सुरू होताच हसू फुटायचं. तुमचं काय? तुमच्या कॅमेरामनची चप्पल शूटिंगच्या पहिल्या दिवशी विहिरीत पडली होती. तो किस्सा घाला. पैसे देणाऱ्या ९१,००० जणांना व्हेरॉनिका माहीत होती, तशी ती चप्पलही जगाला माहीत असणारच. किस्सा सांगताना कॅमेऱ्यामागून चारजणांच्या हसण्याचा आवाज येऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याला आपण लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलोय, असा आनंद मिळतो.

'कुंग फ्युरी' या मारधाडपटांची टर उडवणाऱ्या लघुपटवाल्यांचं मात्र ऐकू नका. त्यांनी २०१३ च्या डिसेंबरात २ लाख डॉलर मागितले, ६ लाखांच्या वर मिळवले आणि व्हिडिओत दाखवलं काय, तर सिनेमाच! जो वेडेपणा पडद्यावर येणार होता, तोच चित्रित करून समोर ठेवला. असा आळशीपणा करू नये. सिनेमातला विनोद सिनेमासाठी राखून ठेवावा आणि व्हिडिओसाठी किडनीचा वापरावा.

आता पैशांचं. बजेट सांगायचं तर गोल तक्ता काढा आणि त्यात नव्वद टक्के 'दिग्दर्शकाचा अहंकार', दहा टक्के 'कॉफी' असं लिहा. खरे आकडे टाकले की बघणाऱ्याला वाटतं, यांनी हिशोब केलाय, आणि मग तो प्रश्न विचारत बसतो. किकस्टार्टरवर 'जोखीम आणि अडचणी' असा एक रकाना भरावा लागतो. तिथे 'उल्कापात' लिहा. सिनेमा वेळेत पूर्ण झाला नाही तर काय, हे जाणून घेण्यासाठीच लोक तो रकाना उघडतात, त्यामुळे धक्कातंत्र साधतं. तिथे ठरलेली पूर्ण रक्कम जमली नाही तर एक पैसाही हातात पडत नाही आणि जमली तर पाच टक्के त्यांचे, वर पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. पाच टक्के वाचवण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलंच असेल.

पैसे देणाऱ्यांचा मान कसा ठेवावा, याचं एक जुनं उदाहरण आहे. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला चौथरा बांधायला पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रातून लोकांना हाक दिली. लाखाहून अधिक माणसांनी मिळून लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेकांनी एक डॉलरसुद्धा दिला नव्हता, तरी नावं छापली जात होती. किती हा गंभीरपणा! आम्ही असं काही केलं नाही. आम्ही व्हिडिओत 'बॅकर', म्हणजे पैसे देणारा, या शब्दाला 'बकरा' जोडला. या कोटीवर आम्ही इतके खूश होतो, की ठरावीक रकमेच्या वर पैसे देणाऱ्याला 'मी बकरा झालो' असा टी-शर्ट द्यायचं ठरवलं. एकही छापावा लागला नाही, खर्च वाचला.

प्रत्यक्ष पैसे मागायचं वाक्य कुठे ठेवावं, असं मला बरेच जण विचारतात. चार मिनिटं चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत ते साधारण चार मिनिटं पस्तीस सेकंदांवर यावं, घाईत, आणि त्याच वेळी मागे कोणीतरी खुर्चीवरून पडावं. आमच्याकडे पडायचं काम साउंडवाल्याकडे होतं, म्हणजे माझ्याकडे.

एवढं करूनही आम्हाला पहिल्या आठवड्यात पैसे आले, हे मान्य करायला हवं. एडिटरच्या आत्याने दिले. सोबत तिने निरोपही पाठवला होता, 'खूप हसले रे, मुलगी गोड आहे. पण सिनेमा कशावर आहे?' मग आठवडाभर आकडा जागचा हलला नाही. अशा वेळी घाबरायचं नाही. मधल्या दिवसांत बहुतेक मोहिमांचा आकडा रेंगाळतोच, असं म्हणायचं आणि दुसरा विनोदी व्हिडिओ काढायचा, ज्यात पहिल्या व्हिडिओला पैसे का आले नाहीत याची थट्टा असेल. आम्ही काढला. आत्याने तोही पाहिला.

शूटिंगच्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी बूम खाली ठेवत होतो. कॅमेरा चालूच राहिला होता. दिग्दर्शिका पाय वर घेऊन बसली होती आणि कोणीतरी सहज विचारलं, म्हणून बोलत होती. तिच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं, पण ते कबूल करायचे नाहीत. घरात कोणी विनोद सांगितला की ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि एक क्षण उशिरा हसायचे. एकदा भावंडांनी ठरवून, काहीच न बोलता, एकदम हसायला सुरुवात केली. वडीलही हसले, अगदी पोट धरून. 'नंतर कोणाला जेवण गेलं नाही,' ती म्हणाली आणि स्वतःच हसली. 'तोच सिनेमा आहे.'

चाळीस सेकंदांचा तुकडा. एडिटरने दोनदा पाहिला, म्हणाला, 'यात पंच कुठे आहे?' आणि 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिला. तुमच्या हार्डडिस्कवरही तसा एक फोल्डर आजच करून ठेवा.