झिजलेल्या चकचे जॉ घासावेत की चकच बदलावा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

थ्री-जॉ चकच्या (लेथवर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, तीन जबड्यांत धरणाऱ्या पकडीच्या) झिजलेल्या जॉंविषयीच्या, म्हणजे जबड्यांविषयीच्या, माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मी सांगितल्याप्रमाणे ग्राइंडिंग करूनही (फिरत्या दगडाने घासूनही) जॉंच्या तोंडाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, पडलेली फाक तशीच राहिली, हा पहिला. आणि असा चक दुरुस्त न करता बदलण्याचाच सल्ला द्यायला हवा होता, हा दुसरा. पहिल्या बाबतीत चूक माझी आहे. दुसरा आक्षेप मला सरसकट मान्य नाही.

जॉंभोवती कडे बसवून ते आतून ताणून धरावे, असे मी लिहिले होते. त्याने जॉ घट्ट बसतात खरे, पण उलट्या दिशेने. एरवी जॉब जॉच्या पुढच्या टोकाला बाहेर रेटतो, जॉ ज्या खाचेत सरकतो तिच्यातला खेळ (सैलपणा) त्या बाजूला निघतो आणि टोक किंचित बाहेर कलते. कडे लावल्यावर तोच खेळ विरुद्ध बाजूला निघतो. त्या स्थितीत कितीही काळजीने ग्राइंडिंग केले, तरी जॉब पकडताच तोंड पुन्हा उघडते. म्हणजे जॉ आतल्या दिशेनेच आवळलेले हवेत आणि तरीही पकडीचे पृष्ठभाग मोकळे राहायला हवेत. त्यासाठी लगतच्या दोन जॉंच्या उतरत्या कडांमध्ये, पुढच्या टोकाजवळ, सारख्या व्यासाच्या तीन कडक पिना धरून चक आवळावा. या पिना एका चकतीत बसवल्या आणि तिच्या मधोमध दगड जाईल एवढे भोक ठेवले, तर त्या जागच्या हलत नाहीत. मग एका वेळी सुमारे ०.०१ मि.मी. एवढाच काप घ्यावा आणि तिन्ही जॉ पूर्ण लांबीभर उजळले की थांबावे.

चक बदलायचा की नाही, हे झीज कुठे आहे यावर ठरते, आणि ते कागदाच्या सहा पट्ट्यांनी कळते. ग्राउंड केलेला सरळ दांडा पकडताना प्रत्येक जॉखाली पुढे एक आणि मागे एक अशी पातळ पट्टी ठेवावी, चक आवळावा आणि एकेक पट्टी ओढून पाहावी. मागच्या पट्ट्या फाटतात आणि पुढच्या अलगद निसटून हातात येतात, तेव्हा तोंड फाकले आहे हे नक्की. अशा चकला ग्राइंडिंगने खरोखर नवे आयुष्य मिळते. पण समजा, २० मि.मी.च्या दांड्यावर डायल (फिरता दांडा केंद्रापासून किती हलतो ते मोजणारे उपकरण) ०.०३ मि.मी. दाखवते आणि ५० मि.मी.च्या दांड्यावर ०.१५, तर दोष बहुधा स्क्रोलमध्ये, म्हणजे तिन्ही जॉ एकदम सरकवणाऱ्या सर्पिल आट्यांच्या चकतीत, आहे. जॉ घासून तो जात नाही. तिथे आपला सल्लाच योग्य आहे. (त्याआधी बॅकप्लेटच्या, म्हणजे चक ज्या तबकडीवर बसवतात तिच्या, बैठकीत एखादा बारीक चिप अडकलेला नाही ना, हे मात्र पाहावे.) असा चक ड्रिलिंगच्या टेबलावर जॉब धरायला उत्तम चालतो. बॉडीला तडा असेल, तर तो कुठल्याही कामाला ठेवू नये आणि वेल्डिंग करून लेथवर तर मुळीच चढवू नये.

एक गोष्ट माझ्या लेखात राहूनच गेली होती. ग्राइंडिंगची धूळ लेथच्या बेडवर (ज्यावर हत्यार धरणारे कॅरेज सरकते त्या पायावर) पडली, तर चकपेक्षा मोठे नुकसान होते. बेड आणि कॅरेज ओल्या कापडाने झाकावे, आणि नंतर चक पूर्ण उघडून, स्क्रोल धुऊन, जॉ आपापल्या क्रमांकाच्या खाचेतच परत बसवावेत.

आपल्या चकमध्ये पुढच्या तीनही पट्ट्या निसटतात की एकाच जॉखालची, एवढे कृपया कळवावे. एकच निसटत असेल, तर ग्राइंडिंगपूर्वी त्या जॉची खाच तपासावी लागेल.