दर तीन फुटांवर एक लाइट नको: रिनोव्हेशनच्या त्या मेसेजला उत्तर

"घराचं रिनोव्हेशन करणाऱ्यांनी हे वाचाच" असा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या दोन महिन्यांत चार गिऱ्हाइकांनी तो मला मोबाइलवर काढून दाखवला आणि "असंच करून द्या" म्हणून सांगितलं. त्यात पाच सल्ले आहेत. फॉल्स सीलिंग करून दर तीन फुटांवर एक पॅनेल लाइट बसवा. लाइट पांढरेच घ्या, पिवळ्या उजेडाने डोळे बिघडतात. जितके वॅट जास्त तितका उजेड जास्त. एलईडीला वीज नावालाच लागते, तेव्हा जुन्या वायरिंगला हात लावून खर्च वाढवू नका. आणि एलईडी पंचवीस वर्षं टिकतो, एकदा बसवला की विसरून जा.

मी पुण्यात १९ वर्षं वायरिंगची कामं करतोय. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही, आणि चौथा तर सरळ धोक्याचा आहे. एकेक घेतो.

दर तीन फुटांवर लाइट म्हणजे किती, ते आधी मोजू. खोली दहा बाय बाराची धरा. तीन फुटांच्या हिशोबाने आडवे तीन आणि उभे चार, असे १२ लाइट होतात. एकेक १२ वॅटचा. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो (ल्युमेन म्हणजे लाइटमधून निघणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे सगळे मिळून १४,४०० ल्युमेन. आपली जुनी चार फुटी ट्यूब साधारण २,४०० ल्युमेन द्यायची. म्हणजे एका बेडरूममध्ये तुम्ही सहा ट्यूब लावताय! भिंती, छत, धूळ यांत निम्मा उजेड गेला असं धरलं तरी खाली साडेसहाशे लक्सच्या आसपास उरतो (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). ऑफिसात दिवसभर कागद वाचायच्या टेबलावर ५०० लक्स पुरेसा मानतात. झोपायच्या खोलीत त्याहून जास्त कशाला? आणि पलंगावर उताणं पडलं की हे बाराही लाइट थेट डोळ्यांत. रात्री कूस बदलली तरी सुटका नाही.

पण उजेडाच्या अतिरेकापेक्षा मोठी चूक आहे पंख्याची, आणि ती या मेसेजमध्ये कुणाच्या लक्षातच आलेली नाही. हा मेसेज कुठल्यातरी देशातल्या चकचकीत फोटोंवरून लिहिलेला असेल, पण आपल्या खोलीच्या मधोमध पंखा असतो. आपला नेहमीचा पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. आपण मोजलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार लाइटची रांग लावली की मधले दोन पंख्यापासून दीड-दीड फुटावर येतात, बरोबर पात्यांच्या डोक्यावर.

सिंहगड रोडवरच्या एका घरात सीलिंगचं काम दुसऱ्यांनी केलं होतं. मला बोलावलं ते एक बटण चालत नव्हतं म्हणून. घरातल्या आजी पलंगावर बसून गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "अरे, या नव्या खोलीत बसलं की डोळ्यांपुढे सारखं काहीतरी फडफडतं रे. मला वाटतं बीपीची गोळी बदलली त्यानं होतंय." मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं होतं, डोळे ठीक होते. मी आजींच्या जागी जाऊन बसलो. ताटातले गहू, ताट धरलेला माझा हात, खालची चादर, सगळ्यावर उजेड-सावली, उजेड-सावली अशी एकसारखी थरथर. उठून पंखा बंद केला. पाती थांबली तशी थरथरही थांबली. पंख्याला तीन पाती, मिनिटाला साधारण ३५० फेरे. म्हणजे सेकंदाला १७-१८ वेळा लाइट कापला जातो. एवढ्या वेगाची उघडझाप डोळ्यांना नुसती दिसत नाही, ती डोकं उठवते. ज्यांना लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी तर सेकंदाला ३ ते ३० हा पट्टाच धोक्याचा आहे. "आजी, तुमच्या गोळ्यांचा काही दोष नाही, पंखा लाइट कापतोय," असं म्हटल्यावर त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. मधले लाइट काढून टाकले आणि पलंगाच्या उशाशी भिंतीवर एक लाइट दिला. पुढच्या वेळी गेलो तर आजी त्याच्याखाली पोथी वाचत होत्या.

म्हणून माझा नियम: छतातला लाइट पंख्याच्या मध्यापासून चार फुटांच्या आत नको. दहा फुटी खोलीत तो भिंतीपासून फूटभर आतच येतो आणि तिथे तो शोभतोही. बाकीचा उजेड छतावरून नाही, माणूस बसतो तिथून मोजायचा. वाचायची खुर्ची कुठे, मुलांचं टेबल कुठे, कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हे आधी ठरवा आणि मग पॉइंट काढा. स्वयंपाकघरात तर छतातला लाइट नेहमी तुमच्या पाठीमागे राहतो. ओट्याशी उभं राहून कोथिंबीर चिरताना आपल्याच डोक्याची सावली सुरीवर पडते. तिथे वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला, अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये दुधी झाकणाची एलईडी पट्टी लावा. एवढ्या एका पट्टीने जे काम होतं ते छतातल्या सहा लाइटनी होत नाही.

आता पांढरा आणि पिवळा. पिवळ्या उजेडाने डोळे बिघडतात हे साफ खोटं आहे. खोक्यावर जे ३००० किंवा ६५०० केल्विन लिहिलेलं असतं तो उजेडाचा रंग, उजेडाचं माप नाही. त्याच कंपनीच्या त्याच वॅटच्या दोन रंगांच्या लाइटमध्ये ल्युमेनचा फरक अगदी थोडा असतो. डोळ्यांवर ताण येतो तो कमी उजेडाने, चकाकीने आणि लुकलुकण्याने. उलट रात्री उशिरापर्यंत ६५०० च्या उजेडात बसलं की त्यातला निळा भाग शरीराला अजून दिवस आहे असं भासवतो आणि झोप उशिरा येते. बैठकीला आणि झोपायच्या खोलीला २७०० ते ३०००, ओट्याला आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००, एवढं मी सुचवतो. देवघराला पिवळाच द्या. समईच्या ज्योतीशेजारी निळसर पांढरा लाइट मला तरी बघवत नाही. आणि खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते तो सांगतो. ८० च्या खालचा घेऊ नका, ओटा आणि कपाटाजवळ ९० चा मिळाला तर घ्याच. कमी सीआरआयच्या उजेडात टोमॅटो फिका दिसतो, आणि संध्याकाळी निवडलेल्या ब्लाउजपीसचा रंग सकाळी साडीशी जुळत नाही.

वॅटचा मुद्दा पटकन संपवतो. वॅट म्हणजे म्हशीचा खुराक आणि ल्युमेन म्हणजे दूध. जास्त खाते म्हणून कुणी म्हैस विकत घेत नाही. ल्युमेन खोक्यावर छापलेले असतात, तेच वाचा. छापलेलेच नसतील तर तो माल दुकानात परत ठेवा.

"जुन्या वायरिंगला हात लावू नका" या सल्ल्यावर मात्र मला मनापासून राग आहे. एक लाइट वीज कमी खातो हे खरं. पण दर तीन फुटांच्या नियमाने दोन बेडरूमच्या घरात सहज ४० लाइट होतात. १२ वॅटने ४८० वॅट, रोज पाच तास म्हणजे महिन्याला ७२ युनिट. त्याच घरातल्या आधीच्या सहा ट्यूब चोकसकट सव्वातीनशे वॅटच्या आसपास घ्यायच्या! आणि प्रश्न नुसत्या लोडचा नाहीच. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी इमारतींत अॅल्युमिनियमची वायर आहे. ती नव्या तांब्याच्या वायरीला नुसता पीळ देऊन जोडली की सांधा काळा पडतो, ढिला होतो, तापतो. लाइटच्या पॉइंटपर्यंत अर्थिंगची वायर अनेक घरांत गेलेलीच नाही, आणि पॅनेलची चौकट बरेचदा असते धातूची.

आणखी एक खूण सांगतो. बटण बंद केल्यावरही एलईडी रात्री मंद मिणमिणत राहिला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बटणातला छोटा इंडिकेटर किंवा जिन्याच्या टू-वेची (वर-खाली दोन्हीकडून चालणाऱ्या बटणांची) लांब वायर यानेही तसं होतं. पण जुन्या घरात पुष्कळदा बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, दिलेलं सापडतं. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते माहीत नसतं. जुना बल्ब हे गुपित कधी सांगत नव्हता, एलईडी सांगतो.

सीलिंगचा बोर्ड लागायच्या आधी हे सगळं तपासून घ्या, कारण नंतर एक वायर ओढायची तरी छत फोडावं लागतं. लाइटला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग, एका सर्किटवर दहा पॉइंट आणि ८०० वॅटच्या आत, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). छतात टेप गुंडाळलेला एकही सांधा नको, कनेक्टर आणि डबीच हवी. काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करा. आणि बोर्ड लागण्याआधी मोबाइलवर सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे पडद्याचा रॉड लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळेल.

राहिलं पंचवीस वर्षांचं. खोक्यावर बहुतेक २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज पाच तासांनी ते १३-१४ वर्षं होतात, आणि त्याचाही अर्थ तोवर उजेड सत्तर टक्क्यांवर उतरलेला असेल एवढाच. प्रत्यक्षात आतली चिप मरत नाही, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी मरतो. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो, आणि बंद सीलिंगमध्ये ती उष्णता कोंडलेली असते. दोन-तीन लाइट एकदम गेले तर मात्र लाइटला दोष न देता आधी न्यूट्रल तपासून घ्या. तो ढिला झाला की व्होल्टेज भलतंच चढू शकतं. घेताना ड्रायव्हर वेगळा निघणारा लाइट घ्या, म्हणजे तेवढाच बदलता येतो. त्याच खेपेतले दोन लाइट जास्तीचे आणून माळ्यावर ठेवा, कारण चार वर्षांनी त्याच मापाचं आणि त्याच रंगाचं मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही. एक रिकामं खोकं जपा. त्यावर बसवल्याची तारीख आणि छतात पाडलेल्या भोकाचं माप पेनाने लिहून ठेवा.