‘सगळा पैसा पगारातच जातो’ – मग कशात जायला हवा?

दिवाळीच्या तोंडावर, पणत्यांची प्रदर्शनं लागायच्या सुमारास, एक मेसेज दरवर्षी उगवतो. यंदा तो मला तीन ग्रुपवरून आला. त्यातला एक आमच्या निवृत्त बँकवाल्यांचा. म्हणणं थोडक्यात असं: दिव्यांगांच्या संस्थांना देणग्या देऊ नका. सरकार त्यांना पेन्शन आणि नोकरीत 4 टक्के आरक्षण देतं. कंपन्यांवर 2 टक्के सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामावर खर्च करण्याची, सक्ती आहे. संस्थांचा पैसा पगार-भाड्यातच मुरतो. आणि खुद्द बाबा आमटेच सांगायचे की दान माणसाला नासवतं, काम घडवतं. शेवटी हात जोडल्याची तीन चित्रं.

मी निवृत्तीनंतर एका छोट्या कार्यशाळेचे हिशेब लिहितो. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं तिथे येतात. मुलं म्हणायची आपली सवय. वयं पंचवीस ते चाळीस. तेव्हा मी काही त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी सरकारचं बघू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, हे खरं. पण त्या 4 टक्क्यांची वाटणी कुणी वाचली आहे का? 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना, 1 कर्णबधिरांना, 1 हातापायांचं अपंगत्व असलेल्यांना. उरलेल्या एकाच टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे दाटीवाटीने बसवलेले. शिवाय जागा मिळवायला प्रमाणपत्र लागतं, शिक्षण लागतं. 2018 साली झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रमाणपत्र असलेले दिव्यांग शंभरात 29 सुद्धा भरले नाहीत. पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांत दहावी किंवा त्यापुढे पोचलेले पाचात एकाहून कमी. आरक्षणाचं दार उघडं आहे, पण तिथवर जाणाऱ्या पायऱ्याच बहुतेकांना चढता आलेल्या नाहीत.

पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. तोही दारिद्र्यरेषेखाली असाल आणि अपंगत्व 80 टक्के असेल तर. राज्य आपली भर घालतं, ते चांगलंच आहे, पण पेन्शन म्हणजे नोकरी नव्हे. त्याच सर्वेक्षणात सरकारी मदत मिळालेले निघाले 21.8 टक्के आणि इतर संस्थांची मदत मिळालेले फक्त 1.8 टक्के. देणग्यांचा पूर आलाय आणि तो थांबवायला हवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दुसरा आकडा जरा पुन्हा वाचावा.

सीएसआरबद्दल फार लिहीत नाही. सक्ती आहे ती ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांवर, आणि ती पैसे खर्च करण्याची. दिव्यांगांना कामावर घेण्याची नाही. खासगी क्षेत्रात 5 टक्के दिव्यांग असावेत यासाठी कायदा फक्त प्रोत्साहनाची भाषा करतो. स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. आणि प्राधान्य द्यायचं ते कंपनीच्या आसपासच्या भागाला, म्हणजे जिथे कारखाने तिथे पैसा. ज्या तालुक्यात एमआयडीसीच्या नावाने नुसती पाटी उभी आहे, तिथल्या संस्थेने काय करायचं?

आता पगार. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आमच्या एका मुलाला बेकरीत पॅकिंगचं काम मिळालं. काम तुमच्या-माझ्या दृष्टीने दहा मिनिटांत शिकण्यासारखं. त्याच्यासाठी आमच्या ताईंनी (विशेष शिक्षिका, पण सगळे ताईच म्हणतात) त्याचे बारके बारके तुकडे पाडले: टोपी घालणं, हात धुणं, बारा नानकटाया मोजणं, पिशवी वजनकाट्यावर ठेवणं, आकडा बघणं. मोजता यावं म्हणून बारा खळगे असलेला ट्रे केला. पहिले दोन महिने ताई रोज त्याच्या शेजारी उभ्या, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मध्येच रस्ता खणला आणि बसथांबा पन्नास पावलं पुढे गेला. हा नेहमीच्या जागी तासभर थांबून घरी परतला. मालक म्हणाला, दांडी मारतो. दुसऱ्या दिवशी ताई सकाळी त्याच्याबरोबर नव्या थांब्यावर उभ्या.

हिशेबाच्या वहीत हे सगळं एकाच ओळीत बसतं: ‘पगार’. मेसेजवाल्याच्या लेखी ही गळती. पण बेकरीत नोकरी लागावी म्हणून देणगी घेतली, तर ती दुसऱ्या कशावर खर्चायची? इथे यंत्र नाही, कच्चा माल नाही. माणसाशेजारी उभं राहणारं दुसरं माणूस, एवढंच आमचं भांडवल.

गंमत म्हणजे देणाऱ्यांनाही पगार नकोच असतो. वाढदिवसाला श्रीखंड-पुरी, वडिलांच्या श्राद्धाला जेवण, पंधरा ऑगस्टला वह्या. एका महिन्यात आमच्याकडे नऊ जेवणं बुक झाली होती आणि ताईंचा पगार द्यायला विश्वस्तांनी खिशात हात घातला. मी एका देणगीदाराला सुचवलं, जेवणाऐवजी ताईंच्या तीन दिवसांच्या पगाराचे पैसे द्याल का? ते म्हणाले, “पण फोटो कशाचा काढायचा?” माणूस सज्जन आहे, थट्टा करत नव्हता.

हेच उलट बाजूने बघा. बँकेत असताना माझा एक पूर्ण दृष्टिहीन सहकारी संगणकावर माझ्यापेक्षा भराभर काम करायचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी विकतची प्रणाली तेव्हा महाग; तो वापरायचा एनव्हीडीए, फुकट. ती ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केली, अनुदानं आणि देणग्यांवर चालते आणि मराठीही वाचते. त्या देणग्यांतून कुणाला तरी प्रोग्रॅम लिहिण्याचा पगारच मिळतो ना!

राहिले बाबा आमटे. 1949 मध्ये त्यांची कुष्ठरुग्णांसाठीची महारोगी सेवा समिती सुरू झाली तेव्हा सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असते. पण जमीन सरकारने दिली होती आणि पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन इमारती बांधायला राबले, हा भाग मेसेजमध्ये येत नाही. पुरस्कारांचे पैसेही कामातच गेले. बाबांचा राग होता तो भीक घालण्यावर, रुग्णाच्या हातावर नाणं ठेवून पुण्य कमावण्यावर. विहीर खणायला, माग बसवायला मिळालेल्या पैशावर नव्हता. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड ही दिव्यांगांची संस्था उभी केली, तीही लोकवर्गणीशिवाय नाही. तिथून पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं काम उभं राहिलं आणि दिव्यांग माणसं काजू फोडून कमवू लागली. देणगीतून काम निघालं, कामातून मजुरी. मेसेजमध्ये मात्र या दोघी सवती आहेत.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. काही संस्था देणगीच्या लायकीच्या नसतात. वर्षानुवर्षं तीच पाकिटं चिकटवून घ्यायची, दिवाळीला कीव येईल अशा किमतीला पणत्या विकायच्या आणि कुणाला बाहेर नोकरीला लावायचंच नाही, कारण मुलं गेली तर अनुदान जातं. असं मी जवळून पाहिलंय. पण त्यासाठी सरसकट बंदी कशाला? न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तुम्हीही संस्थेकडे मागा. देत नसतील तर तिथूनच उठा. देत असतील तर पगाराचा आकडा बघून दचकू नका, पुढचं विचारा: गेल्या वर्षी किती जण बाहेर कामाला लागले, आणि सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले?

आमचं उत्तर: चार लागले, तीन टिकले. चौथा परत आलाय. त्याच्या कारखान्यातला भोंगा त्याला सोसेना. ताई सध्या त्याच्यासाठी शांत जागा शोधतायत, बहुधा एखादी रोपवाटिका.