गाळायला आलेली तुशी

कसबा पेठेतल्या चहाच्या टपरीशेजारी आमचा कट्टा भरतो. गुरुवारी तिथे वाद पेटला तो बाळ्याच्या पिशवीतल्या डबीवरून. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने एका प्रदर्शनातून वहिनींसाठी तुशी घेतली होती. काळपट, चांदीसारखी, डबीवर ‘व्हिंटेज’ असं छापलेलं. वहिनींनी ती दोन दिवस घातली आणि गळ्याभोवती लाल चट्टे उठले.

आमच्यातल्या सोनाराने तुशी हातात घेऊन उलटीपालटी केली. “जर्मन सिल्व्हर आहे. नावातच काय ती चांदी. आत तांबं, जस्त आणि निकेल. निकेल बऱ्याच जणांच्या अंगाला सोसत नाही. आणि हा काळेपणा वरून दिलेला. खऱ्या चांदीलासुद्धा गंधकाने काळं करतात, मग उंचवटे घासून उजळवायचे आणि खाचांत काळं राहू द्यायचं. की दिसली जुनी.”

तात्यांनी लगेच मुद्दा उचलला. “मी कधीचा सांगतोय. जुन्यासारखं दिसणारं नवं घ्यायचंच कशाला? आजीचं असेल तर ते घाला. नसेल तर सरळ आजच्या घडणीचं घ्या.”

“आजीची तुशीही कधीतरी नवीच होती की, तात्या,” मास्तर म्हणाले. “कोल्हापुरी साज बघा. एकवीस पानं. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. हा साज आज घडवला म्हणून खोटा ठरतो का? आणि कुणी घडवूनच घेतला नाही, तर ती पानं करणारे हात राहतील कुठे?”

मला मास्तरांचं पटत होतं, पण पुरतं नाही. वस्तू नवी असण्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते तिचं वय खोटं सांगणं. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. त्यात साधारणपणे १०० वर्षं झालेली वस्तूच पुरावस्तू धरतात. दुकानात मात्र ‘अँटिक’ हा शब्द गेल्या महिन्यात घडलेल्या डुलांनाही लावतात. दागिना कुणी घडवला, कशाचा आहे, एवढं सांगितलं तरी घेणारा फसत नाही. बाळ्याला कुणी ‘निकेल’ हा एक शब्द सांगितला असता, तर वहिनींचा गळा वाचला असता.

“मग माझ्या मुलीच्या घराचं काय?” तात्यांनी विषय बदलला. मुलीने नवा फ्लॅट घेतला आहे आणि तिला दिवाणखान्यात ठोक्यांचा तांब्याचा दिवा हवा आहे. तात्यांना ते नाटकी वाटत होतं. मी म्हटलं, उठा, इथून पाच मिनिटांवर तांबट आळी आहे.

आम्ही चौघे गेलो. आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. लहानपणी आम्हाला तो ऐकू येईनासा झाला होता, इतका सवयीचा. तिथे मठारकाम होताना बघावं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोका, आणि प्रत्येक ठोक्याची चकती वेगळी चमकते. ती नुसती नक्षी नाही. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, पातळ पत्र्यालाही ताकद येते. बंब आणि घंगाळं गेली तशी इथली कामंही गेली. आता तेच कारागीर दिवे, कुंड्या, ताटं घडवतात. साच्यात दाबलेल्या पत्र्यावरचे खळगे एकसारखे, ठरावीक अंतरावर येतात. हातचे ठोके रांग धरून चालतात, पण दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात. तात्या एका दिव्यावर बराच वेळ बोटं फिरवत राहिले आणि घेऊनच बाहेर पडले.

परतताना सोनार गप्प होता. कट्ट्यावर टेकल्यावर म्हणाला, “सोमवारी एक बाई सासूबाईंची तुशी घेऊन आल्या. ती गाळायची आणि त्याच सोन्याची अँटिक फिनिशची नवी तुशी करायची. सुनेला द्यायला.”

कुणीच काही बोललं नाही. मग तोच सांगत गेला. बारीक मणी, इतकी वर्षं मानेला घासून मऊ झालेले. मागचा गोंडा विटलेला, दोरा कुजलेला. “बाईंची भीती एकच. जुन्यावर हॉलमार्क नाही, म्हणजे सोनं हिणकस असेल. २०२१पासून दुकानात हॉलमार्क सक्तीचा झाल्यावर असे फार लोक येतात. मी सांगितलं, तपासणी केंद्रात कस बघून मिळतो. नवा दोरा आणि गोंडा घातला की तुशी उद्या गळ्यात घालता येईल. गाळली तर घट जाणार, वर घडणावळ पडणार. आणि जे जुनेपण मी नव्या तुशीवर मुद्दाम आणणार, ते या तुशीवर आधीच आहे.”

माझ्या आजीची बोरमाळ अशीच गेली. मावशीच्या लग्नात. मण्यांत भरलेली लाख सोनाराने वजनातून वजा केली आणि ती जळतानाचा वास मला अजून आठवतो. त्या सोन्याच्या बांगड्या झाल्या. पुढे त्याही मोडल्या. बोरमाळेचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

“दिव्याचं मान्य,” तात्या म्हणाले, “पण दागिन्याचं माझं मत तेच आहे. आधी घरातलं.”

या वेळी मास्तरांनी वाद घातला नाही. बाळ्याने विचारलं, “मग गाळलीस का?”

“नाही. दोरा ओवून ठेवलाय. बाईंना फोन केला, त्या सुनेला विचारून सांगते म्हणाल्या. शनिवारपर्यंत भट्टीजवळ नेणार नाही.”