कपिलेचं हाडूक
आफ्रिकेतला डुइकर हा हरणासारखा छोटा प्राणी पक्षीही धरून खातो, हे लेखात वाचून इथे बऱ्याच जणांनी 'थापा' म्हणून टाकलंय. अहो, आमच्या दापोलीकडचं ऐका. आमची कपिला परड्यातलं वाळकं हाडूक तोंडाच्या कोपऱ्यात धरून, लाळ गाळत तासभर कडाकडा चघळायची. आज्जी ओरडायची, "बाटलीस गो मेल्ये!" गुरांचे डॉक्टर म्हणाले, फॉस्फरस कमी पडतोय. जांभ्याच्या जमिनीत लोह तो धरून ठेवतं, गवतात उतरणार कुठून? आफ्रिकेतले कुडू, सेबल हे हरणासारखे प्राणीही हाडं चघळतात ती हाडांतल्या फॉस्फरससाठीच. डुइकरचं जरा वेगळं. किडे, पिल्लं, मेलेलं जनावर, त्याला काहीच वर्ज्य नाही. आणि त्याला सांबराच्या पंगतीत बसवू नका हो. सांबरासारखी त्याची शिंगं गळत नाहीत, तो आपल्या चौसिंग्याचा भाऊबंद.