'आय लव्ह लुसी'चा तो फॉरवर्ड आणि त्यातल्या थापा

'आय लव्ह लुसी' या १९५०च्या दशकातल्या अमेरिकन विनोदी सिरीयलवरचा तो लांबलचक मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, वर "९९ टक्के लोकांना हे माहीत नाही". माहीत नसणारच, त्यातलं निम्मं घडलेलंच नाहीये. सिरीयल माझी लाडकी आहे, चॉकलेट फॅक्टरीत पट्टा जोरात सुटतो आणि लुसी टोपीत, ब्लाऊजमध्ये, तोंडात चॉकलेटं कोंबत सुटते तो सीन मी कितीही वेळा बघू शकते, म्हणूनच जरा राहवलं नाही.

पहिला मुद्दा, टीव्हीवर गरोदर बाई सगळ्यात आधी लुसीच दिसली. नाही हो. 'मेरी के अँड जॉनी' नावाची सिरीयल १९४७ मध्येच सुरू झाली होती, त्यातली मेरी के खरंच गरोदर राहिली, ते कथेत घेतलं, आणि डिसेंबर १९४८ मध्ये मुलगा झाला तर थोड्याच दिवसांत तोही पडद्यावर. ते नवरा-बायको एकाच पलंगावर झोपायचे, लुसी आणि तिचा सिरीयलमधला नवरा रिकी यांना मात्र दोन वेगळे पलंग! पण ती सिरीयल लाइव्ह जायची, त्यातलं आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही, मग लक्षात कोण ठेवणार. लुसीच्या वेळची खरी गंमत म्हणजे 'प्रेग्नंट' हा शब्दच चालणार नव्हता, 'एक्स्पेक्टिंग' म्हणायचं, आणि त्या एपिसोडांच्या स्क्रिप्ट एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक रब्बाय (ज्यू धर्मगुरू) असे तिघं नजरेखालून घालायचे.

दुसरा मुद्दा तर कहर आहे. १९ जानेवारी १९५३ ला लुसी झालेल्या लुसिल बॉलची खरी डिलिव्हरी टीव्हीवर दाखवली आणि तेच बाळ पुढे सिरीयलमधला त्यांचा मुलगा, छोटा रिकी, झालं म्हणे. तारीख बरोबर आहे, बाकी सगळं चूक. बाळ त्याच दिवशी झालं खरं, पण ते ठरवून केलेलं सिझेरियन होतं, आणि रात्री लागलेला लुसीच्या बाळंतपणाचा एपिसोड आदल्या नोव्हेंबरातच शूट होऊन पडला होता. तो सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला, दुसऱ्या दिवशीचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा शपथविधी २ कोटी ९० लाखांनी. छोटा रिकी वेगवेगळ्या मुलांनी केला, शेवटी कीथ थिबोडो नावाच्या पोराने, जो खरंच भारी ड्रम वाजवायचा. घोळ बहुतेक 'टीव्ही गाइड' मासिकामुळे झाला असावा, एप्रिल १९५३ च्या त्यांच्या पहिल्या देशभराच्या अंकावर लुसिलचं खरं बाळ होतं ना. हा खरा मुलगा सिरीयलमध्ये दिसतो तो अगदी शेवटच्या एपिसोडला, गर्दीत उभा.

आता तीन कॅमेऱ्यांचं. डेसी अर्नाझ म्हणजे लुसिलचा खऱ्या आयुष्यातला नवरा, सिरीयलमधला रिकीही तोच. "डेसी अर्नाझने मल्टिकॅमचा शोध लावला." फिल्मवर एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी शूट करणं त्याच्या आधीपासून चालू होतं, 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' हा गेम शो १९५० मध्ये तसाच शूट व्हायचा आणि त्यावर काम केलेला अल सायमन मग डेसीने आपल्याकडेच घेतला. डेसीचं डोकं दुसरीकडे चाललं. स्पॉन्सर सिगरेट कंपनी, तिला शो न्यूयॉर्कहून लाइव्ह हवा होता, कारण हॉलिवूडहून केला तर पूर्वेकडच्या लोकांना पडद्यावरून परत शूट केलेली धुरकट कॉपी बघावी लागली असती, आणि लुसिल-डेसीला हॉलिवूडचं घर सोडायचं नव्हतं. मग फिल्मवर करू म्हणाले. खर्च वाढला तर आमच्या पगारातून आठवड्याला हजार डॉलर कापा, पण फिल्मची मालकी आमची! समोरच्यांना वाटलं सौदा स्वस्तात पडला, एकदा दाखवलेला एपिसोड परत कोण बघणार. हे खरं डोकं, आणि फॉरवर्डमध्ये याची एक ओळ नाही. १९५७ मध्ये त्याच फिल्म्स सीबीएस या टीव्ही कंपनीला लाखो डॉलर्सना विकल्या आणि त्याच वर्षी आरकेओ स्टुडिओच विकत घेतला, जिथे दोघं एकेकाळी पगारावर होते आणि १९४० मध्ये जिथे त्यांची पहिली भेट झाली.

कॅमेऱ्यामागे कार्ल फ्रॉइंड होता, 'मेट्रोपोलिस' हा गाजलेला मूकपट शूट केलेला माणूस. त्याने लाइट वरून, सगळीकडे सारखे लावले म्हणजे प्रत्येक शॉटला थांबायला नको, आणि सेटच करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतला. म्हणून ते रंगीत केलेले फोटो फिरतात ना, त्यातल्या भिंतींवर फार विसंबू नका.

लुसीची शेजारीण एथेल झालेल्या व्हिव्हियन व्हान्सला करारानेच २० पौंड जाड राहावं लागायचं हेही खोटं, गंमत म्हणून केलेल्या एका नकली करारावरून ते पसरलं. खरा राग तिला वेगळ्याचाच होता, पडद्यावरचा नवरा तिच्यापेक्षा २२ वर्षांनी मोठा!

आणि हसण्याचे आवाज टेपवरचे नाहीत, समोर सुमारे ३०० माणसं बसलेली असायची. कान देऊन ऐका, लुसी काहीतरी उपद्व्याप करणार असं दिसलं की एक बाई "अ-ओ" म्हणते, ती लुसिलची आई, डीडी.