तात्पुरतं हेरिटेज म्हणजे जप्ती? काका, जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय, तिसऱ्यांदा, खाली तीन लाल दिवे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. म्हणणं काय, तर जुन्या इमारतीला तात्पुरतं हेरिटेज संरक्षण लावणं म्हणजे मागच्या दाराने जप्ती, ते तात्पुरतं कधीच नसतं, मालकाचं कोणी ऐकून घेत नाही, एक पैसा मिळत नाही, आणि एवढी घाई कशाला, बिल्डिंग काय पळून जातेय का. काकांनी टाकलाय म्हणून दोनदा गप्प बसलो, आता लिहितोच.

घाईचंच आधी घेऊ. बिल्डिंग पळत नाही हो, पण बुलडोझर पळतो ना. लंडनच्या पश्चिमेला ग्रेट वेस्ट रोडवर फायरस्टोन टायरची फॅक्टरी होती, आर्ट डेको, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हच्या भावकीतली. 1980 च्या ऑगस्टमध्ये ती संरक्षित यादीत जायच्या बेतात होती, मध्ये लाँग वीकेंड आला, सरकारी ऑफिसं बंद, आणि सुट्टी संपेपर्यंत दर्शनी भाग पाडून मोकळे! म्हणून तर अशा 'आधी थांबा, मग ठरवू' नोटिसा लागतात.

'तात्पुरतं कधीच तात्पुरतं नसतं'. इंग्लंडमध्ये ही नोटीस सहा महिन्यांची असते, तेवढ्यात इमारत यादीत गेली नाही तर नोटीस आपोआप संपते. हाँगकाँगमध्ये 'प्रस्तावित स्मारक' म्हणून 12 महिने, आणि जागा खासगी असेल तर मुदत वाढवताच येत नाही. तिथल्या जेसव्हिल बंगल्याला 2007 मध्ये हा दर्जा लागला, तपासणी झाली, स्मारकाच्या लायकीचा नाही असं ठरलं, 2008 मध्ये दर्जा काढून घेतला. म्हणजे वर्षभर पण टिकला नाही.

मालकाचं ऐकत नाहीत म्हणे. हो तुंग गार्डन्स बघा, हाँगकाँगच्या 'पीक' नावाच्या डोंगरावरचा 1927 चा बंगला, सर रॉबर्ट हो तुंग यांचा, शहरातलं बडं प्रस्थ. नातीला तो पाडून नवीन बांधायचं होतं. 2011 च्या जानेवारीत तात्पुरतं संरक्षण लागलं, नंतर सरकारने कायमचं स्मारक करायचा घाट घातला, तिने कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे हरकत घेतली, प्रकरण थेट सरकारच्या सर्वोच्च मंडळापर्यंत गेलं, आणि डिसेंबर 2012 मध्ये सरकारने माघार घेतली, बंगला 2013 मध्ये पाडला. मला वाईट वाटलं ते वेगळं, पण मालकाचं ऐकलं गेलंच ना?

पैशाचं म्हणाल तर त्या नातीला बदल्यात दुसरी जमीन देऊ केली होती, तीच नको म्हणाली. हाँगकाँगमधल्याच किंग यिन लेई बंगल्याच्या मालकाने मात्र घेतली. हा 1937 चा, 2007 मध्ये विकला गेला आणि लगेच छपराची कौलं निघायला लागली, लोकांनी बोंब मारल्यावर संरक्षण लागलं, शेवटी मालकाने बंगला स्वखर्चाने दुरुस्त करून सरकारला दिला आणि शेजारची तेवढीच जमीन घेतली. इंग्लंडच्या बाबतीत काकांना अर्धा मार्क द्यावा लागेल, तिथे नोटीस फुकट गेली, म्हणजे इमारत यादीत गेलीच नाही, तर मालकाला भरपाई मिळायची, ती 2023 च्या कायद्याने काढून टाकली, मला ते काही पटलेलं नाही.

आता मुंबई, कारण फॉरवर्डचा खरा रोख तिथेच आहे. 1995 पासूनच्या हेरिटेज नियमात नाव यादीत घालायच्या आधी हरकती मागवाव्या लागतात, आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं तेवढं, वापरता आला नाही तर मालकाला टीडीआरची, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, सोय आहे. 2012 मध्ये नऊशेच्या वर नावांची नवीन यादी आली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी केवढा दंगा केला होता आठवतंय ना, यादी अजून मसुदाच आणि रिडेव्हलपमेंट अडकलं, ही त्यांची तक्रार माझ्या मते खरीच होती. पण मग भांडा की मुदतीसाठी, सहा महिने म्हणजे सहा महिने असं लिहून घ्या, संरक्षणच नको कशाला म्हणता?

आणि काका, आपली बिल्डिंग 1988 ची आहे, गच्ची गळतेय, तिला कोणी हेरिटेज लावत नाही.